पान एकेचाळीसची तळटीप

जुनं ऑफिस फर्निचर घेणं आणि विकणं हा माझा धंदा. अंधेरीच्या एमआयडीसीत एखादी कंपनी गाशा गुंडाळायला लागली की तिथल्या नोकरांच्या आधी मला वास येतो. टेबलं, खुर्च्या, लोखंडी कपाटं, सगळं एकगठ्ठा उचलते आणि असल्फ्याच्या गाळ्यात आणून टाकते. हा धंदा मला कोणी शिकवला नाही, कोणी हातातही दिला नाही. बारावीनंतर एका गोदामात चिठ्ठ्या लिहायला बसले होते, तिथून इथवर आले. धंद्याचे नियम दोनच. आपला भाव आपण आधी बोलायचा नाही. आणि माल कुठून आणला हे कुणालाही सांगायचं नाही. हे दोन नियम पाळून मी घाटकोपरला घर केलं, हाताखाली माणसं ठेवली आणि पुष्कळांशी भांडले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलुंडच्या एका कॉलेजातल्या शनिवारच्या वर्गात, हे दोन्ही नियम मला मोडावे लागले.

सुरुवात एका कपाटातून झाली. कारखान्यांना सल्ले देणारी एक जुनी कंपनी बंद झाली, तिचं सामान मी घेतलं होतं. एका कपाटाचं कुलूप अडकलेलं. गाळ्यावर आणून पहारीने उघडलं, तर आत बांधणी केलेला एक इंग्रजी अहवाल. रद्दीत टाकणार होते, पण पुठ्ठ्यावर विक्रोळीच्या एका कारखान्याचं नाव होतं. पंप बनवणारा कारखाना. माझे बाबा तिथे ओतकाम विभागात होते. मी अकरा वर्षांची असताना तो बंद पडला.

माझं इंग्रजी धंद्यापुरतं. कोटेशन वाचते, ईमेलला उत्तर देते, समोरचा इंग्रजीत खोटं बोलायला लागला की ओळखते. अहवालाचं इंग्रजी वेगळं होतं. मोबाइलवर एकेक शब्द शोधत वाचायला दहा-बारा दिवस लागले. पान एकेचाळीसवर एक वाक्य होतं. त्याचं मराठी असं: कारखाना बंद करण्याचा करार कामगारांनी फारसा विरोध न करता स्वीकारला.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. डोक्यात जाळ झाला.

कारण विरोध मी पाहिला होता. कारखान्याच्या गेटसमोर ताडपत्रीचा मांडव होता. गणपतीच्या आधी टाकला, तो दिवाळी उलटून गेली तरी होता. माझी आई बायकांच्या बाजूला बसायची, शाळेतून सुटल्यावर आम्ही तिघी बहिणी तिथेच जायचो, गृहपाठ तिथेच करायचो. पोलीस आले तेव्हा आईचा हात पिरगळला होता, तो पुढे थंडीत कायम दुखायचा. आणि हा कोण साहेब, म्हणतो फारसा विरोध न करता.

बाबांना काही बोलले नाही. आई गेल्यापासून ते माझ्याकडेच राहतात. ऐंशीला आलेत. कारखाना गेल्यावर त्यांनी पुढची सगळी वर्षं घाटकोपरच्या एका सोसायटीत वॉचमनगिरी केली. कारखान्याचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायचे. विक्रोळीला नातेवाइकांकडे जायचं असलं तरी त्या गेटसमोरून जायचे नाहीत, मागच्या गल्लीने वळसा घालायचे. दुःख असेल, असं आम्ही समजत आलो.

त्या वाक्याला उत्तर द्यायचं मी ठरवलं. मराठीत शिव्या मला भरपूर येतात, पण शिव्या अहवालांच्या कपाटात जात नाहीत. उत्तर इंग्रजीतच हवं आणि त्या साहेबाच्या तोडीचं हवं. चौकशी केली तेव्हा मुलुंडच्या कॉलेजात इंग्रजीतून शोधनिबंध लिहायला शिकवणारा सहा महिन्यांचा वर्ग असल्याचं कळलं. वर्गाच्या शेवटी ज्याचा निबंध पास होतो त्याची प्रत बांधून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवतात. मी ग्रंथालयात जाऊन पाहून आले. उपनगरातल्या कारखान्यांवरच्या पुस्तकांचा तिथे एक रॅक आहे आणि त्यावर तोच अहवाल उभा होता. फी भरली. माझं उत्तर त्याच रॅकवर ठेवायचं, एवढंच मला हवं होतं.

शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या. आवाज इतका हलका की पहिल्या दिवशी मला वाटलं, ही काय शिकवणार. वर्गात एमएची मुलं होती, दोन नर्स होत्या, एक निवृत्त बँकवाले होते. मी मागच्या बाकावर, दाराजवळ. धंद्याचा फोन आला की बाहेर पडता यावं म्हणून.

"शेवटचा निबंध तीन हजार शब्दांचा," मॅडम म्हणाल्या.

"तीन हजारात माझं बसत नाही, मॅडम," मी म्हटलं. "चार करा."

"तीन हजार, ताई."

"साडेतीन. शेवटचं."

"अडीच हजार," त्या शांतपणे म्हणाल्या.

वर्ग हसला. मी गप्प बसले. समोरचा उलटा उतरायला लागला की थांबायचं असतं, हे मला कोणी शिकवायला नको. पुढच्या शनिवारी त्यांनी फळ्यावर तीन हजारच लिहिलं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी त्यांना मानायला लागले.

पहिला मसुदा मी धंद्यासारखाच लिहिला. आधी कारखान्याचं वर्णन, मग मांडव, मग पोलीस, वाचणाऱ्याला हळूहळू जवळ आणायचं आणि अगदी शेवटच्या ओळीत सांगायचं की हा अहवाल खोटा आहे. मॅडमनी तो परत दिला तेव्हा शेवटच्या ओळीभोवती पेन्सिलीने चौकट होती आणि तिथून निघालेला बाण पहिल्या पानावर नेऊन सोडला होता.

"तुम्हाला म्हणायचंय ते इथे, एवढ्या खाली का?"

"आधीच सांगून टाकलं तर पुढचं कोण वाचेल?"

"इथे उलट आहे, ताई. आधी सांगितलं नाही तर पुढचं कोणी वाचत नाही. तुम्ही काय दाखवणार ते पहिल्या परिच्छेदात सांगायचं, आणि मग ते दाखवायचं. वाचणाऱ्याला फसवून जवळ आणायचं नाही."

म्हणजे आपला भाव आपणच आधी बोलायचा. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. तीन वेळा लिहून काढलं तेव्हा कुठे पहिल्या परिच्छेदात एक सरळ वाक्य उतरलं. पत्ते उघडे टाकून खेळायला बसल्यासारखं वाटत होतं.

मग शब्दांवरून. मी लिहिलं होतं, यावरून सिद्ध होतं की सगळ्या कामगारांनी विरोध केला. मॅडमनी 'सिद्ध' खोडलं, 'सगळ्या'खाली रेघ मारली.

"सगळे? मोजले होते?"

"मी स्वतः पाहिलंय, मॅडम. ह्या डोळ्यांनी."

"मग 'मी पाहिलं' असं लिहा. अकरा वर्षांच्या मुलीने मांडवातून जेवढं पाहिलं तेवढंच. त्याला किंमत आहे. पण जेवढं आहे तेवढंच मांडा."

भडका उडाला तो दुसऱ्या मसुद्याच्या वेळी. त्यात मी एक चांगला परिच्छेद घातला होता, बंद कारखान्यांवरच्या एका जुन्या पुस्तिकेतून उचललेला. इंग्रजी करून घेतलं होतं आणि मस्त बसवलं होतं. कुठून घेतला ते अर्थातच लिहिलं नव्हतं.

"हा परिच्छेद कुठून आणलात?" मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं.

आमच्या धंद्यात हा प्रश्न विचारणाऱ्याला दुकानाची पायरी उतरायला सांगतात. मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, माझ्या गाळ्यावर येऊन कोणी असं विचारलं असतं ना, तर त्याला मी चहा न देता हाकलला असता. माल कसा आहे ते बघा. कुठून आणला ते माझं मी बघेन." बँकवाले काका खाली बघायला लागले. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. फोन आला नव्हता, तरी कानाला लावून जिना उतरले.

पुढच्या शनिवारी गेले नाही. त्याऐवजी विक्रोळीला कन्नमवार नगरात गेले. कारखान्याच्या कॅन्टीनमधले एक काका तिथे राहतात. त्यांच्याकडे मांडवाचा फोटो होता, काचेखाली जपून ठेवलेला. आई ओळखू आली. बाबा दिसले नाहीत.

"बाबा कुठे आहेत यात?" मी विचारलं.

काका फोटो पुसत राहिले. "तो त्या दिवशी नसेल," म्हणाले. "मोठा मांडव होता, पोरी. फोटोत सगळे कुठे येतात?" मग लगेच चहाचं विचारलं. गिऱ्हाईक विषय बदलतं तेव्हा काहीतरी असतं, एवढं मला कळतं. पण मी वयाला मान दिला.

त्याच्या पुढच्या शनिवारी वर्गात गेले. माफी वगैरे मागितली नाही. मॅडमनीही मागच्या प्रसंगाचा विषय काढला नाही. वर्ग सुटल्यावर मात्र मला थांबवलं आणि माझ्याजवळचा तो अहवाल मागितला. पान एकेचाळीस उघडलं.

"तुमचा राग या वाक्यावर आहे ना?"

"हो."

"मग या साहेबांना विचारा की. हे वाक्य त्यांनी कुठून आणलं?"

मी पानावर वाकले.

त्यांनी वाक्याच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे तिळाएवढा एक आकडा होता. मग बोट खाली आणलं, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांवर. "तुम्हाला वाटतं, कुठून आणलं हे विचारणं म्हणजे चोर म्हणणं. इथे तसं नाही, ताई. वाचणाऱ्याला स्वतः जाऊन खात्री करता यावी म्हणून ही वाट ठेवतात. त्यांनी तुमच्यासाठी वाट ठेवली आहे. जाऊन बघा."

भाडेकराराची बारीक अक्षरं मी भिंग घेऊन वाचते. आणि ही मी सोडून दिली होती. मोबाइलवर एकेक शब्द शोधून जीव थकायचा, खालची ओळ ही इतर प्रोफेसरांसाठी असेल असं समजून पान उलटलं होतं. आता तिथेच, रिकाम्या वर्गात उभ्या उभ्या वाचली. ओतकाम विभागातील एका कामगाराची मुलाखत. वय त्रेचाळीस. मूळचा मालवण तालुक्यातला. एकवीस वर्षं नोकरी. तीन मुली. उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यातल्या अपघातात गेलेली.

मॅडमनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. अहवाल पिशवीत घातला. त्या हाताने मला पहिल्यांदा पेन्सिल धरायला शिकवली होती.

घरी आले तेव्हा बाबा गॅलरीत लसूण सोलत बसले होते. मी चपला न काढताच समोर गेले. अहवाल त्यांच्या मांडीवर टाकला. सालं उडाली.

"हा साहेब तुमच्याशी बोलला होता?"

त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं. इंग्रजी त्यांना येत नाही, पण कारखान्याची खूण वर छापलेली होती. पुन्हा लसूण उचलला. मी आवाज चढवला. शेजारच्या खिडकीतलं डोकं आत गेलं.

"बोललो होतो," शेवटी ते म्हणाले. आणि मग त्यांच्या मालवणीत सांगायला लागले, माझ्याकडे न बघता. "तो साहेब कॅन्टीनच्या मागे खुर्ची टाकून बसललो. माका बोलवल्यान. इचारल्यान, लोकांनी विरोध केलो काय? मी सांगलंय, नाय. कोणी काय बोलाक नाय."

"आणि बाहेर आई मांडवात बसली होती!"

"होय. बसली होती."

"मग असं का सांगितलंत?"

"आदल्या दिवशी मी कंपनीच्या करारार सही केललंय. मागच्या गेटान जाऊन. मांडवातल्यांका ठावक नव्हता." लसणाची एक पाकळी ते बोटांत फिरवत राहिले. "तो साहेब इंग्लिशीत लिवत होतो, बाय. माका वाटला, कंपनीचोच माणूस. इंग्लिशीत लिवणारो दुसरो कोण असतलो? विरोध झालो म्हणून सांगलंय आसता तर..."

"आईला माहीत होतं?"

"मागसून सांगलंय. वरसभर ती माझ्याशी बोलाक नाय."

ते वर्ष मला आठवत होतं. घरात कोणी बोलायचं नाही, पातेल्यांचा तेवढा आवाज. नोकरी गेली म्हणून आई गप्प आहे, असं आम्ही तिघी धरून चाललो होतो. कन्नमवार नगरातले काका फोटो का पुसत राहिले, तेही कळलं. मी आत गेले. त्या दिवशी आणि पुढचे आठ-दहा दिवस मीही बाबांशी बोलले नाही. आईसारखंच, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

माझ्या डोक्यात हिशेबी माणसाचा विचार आलाच. तळटीप कोण वाचतं? मी स्वतः वाचली नव्हती. निबंधात तिचा उल्लेखच करायचा नाही. मांडव आहे, फोटो आहे, काका आहेत, तेवढ्यावर अहवाल पाडता येतो. माल कुठून आणला ते सांगायचं नाही, बस्स. मॅडमना काही कळलं नसतं.

पण लिहायला बसले की तो मसुदा उभाच राहीना. अहवालातली खरी चूक मला आता दिसत होती आणि ती त्या तळटिपेतच होती. साहेबाने एका माणसाला विचारलं होतं. आदल्या दिवशी सही केलेल्या, समोरच्याला कंपनीचा समजलेल्या एका माणसाला. आणि त्याच्या तोंडचं वाक्य उचलून सगळ्या कामगारांच्या तोंडी घातलं होतं. मांडव गेटसमोर होता. साहेब खुर्चीवरून उठून तिथवर चालत गेला असता तरी पुरे होतं. हे मला लिहायचं होतं, आणि बाबांना बाहेर ठेवून ते लिहिता येत नव्हतं.

मॅडमना सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं की माल कुठून आला.

"नाव लिहायचं नाही," मग त्या म्हणाल्या. "पण त्यांची परवानगी घ्यायला हवी. आणि मुलाखत घेणारी त्यांची मुलगी आहे, हे तुम्हाला लिहावं लागेल."

"ते कशाला? विक्रोळीतलं कोणी वाचलं तर ओळखेल."

"वाचणाऱ्याला ते माहीत असायला हवं. नातं लपवलंत तर तुमच्यात आणि त्या साहेबांत फरक काय राहिला?"

यावर मी घासाघीस केली नाही. करण्यासारखं काही नव्हतं.

एका रविवारी सकाळी बाबांसमोर कागद घेऊन बसले. सगळं सांगितलं, कशासाठी लिहिते, कुठे ठेवणार, कोण वाचू शकेल. "नाव घालत नाहीत, बाबा. फक्त 'एक कामगार' लिहितात."

"मागच्या टायमाक पण त्या साहेबान तसाच लिवल्यान," ते म्हणाले. "वाच."

मी एकेक वाक्य इंग्रजीत वाचत होते आणि मराठी करून सांगत होते. मांडवाचा भाग ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते. आईच्या हाताचा उल्लेख आला तेव्हा मान हलवली. मग त्यांचा परिच्छेद आला. मी लिहिलं होतं, त्या कामगारावर कंपनीचा दबाव होता.

"थांब," बाबा म्हणाले. "कोणाचो दबाव?"

"कंपनीचा. म्हणूनच तुम्ही सही केलीत ना?"

"माका कोणी बोलवूक नव्हता. कोणी धमकी देऊक नाय. मी आपणहून गेललंय." त्यांनी तो तीन बोटांचा हात कागदावर ठेवला. "मी भियालंय. तसा लिव."

"बाबा, ते बरं दिसणार नाही."

"बरा दिसूचा म्हणून लिवतंस तू?" त्यांचा आवाज चढला. माझा राग कुणाकडून आला ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण कितीतरी वर्षांत मी तो त्यांच्यात पाहिला नव्हता. "त्या साहेबाक मी खोटा सांगलंय. आता तुझ्या कागदार पण खोटाच जातला काय?"

मी पेन घेतलं. दबाव खोडला. तो कामगार घाबरला होता, असं लिहिलं. पुढे एक छोटा आकडा टाकला आणि पानाच्या तळाशी: त्याच कामगाराची मुलाखत, घाटकोपर. मुलाखत घेणारी त्याची मुलगी. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी परत एकदा वाचायला लावलं.

निबंध पास झाला. मॅडमनी दोन ठिकाणी 'कदाचित' घालायला लावलं, एका ठिकाणी मी ऐकलं, एका ठिकाणी नाही. बांधलेली प्रत रॅकवर ठेवली तेव्हा मी तिथे होते. अहवाल आणि तिच्यामध्ये दुसरी दोन पुस्तकं आहेत. ग्रंथपालबाईंना म्हटलं, शेजारी शेजारी ठेवा. त्या म्हणाल्या, नंबराप्रमाणेच लागतात.

त्या साहेबावरचा माझा राग गेलेला नाही. तो कोण, कुठे असतो, मला माहीत नाही. बाबांवरचा गेला, असंही म्हणणार नाही. घरी येऊन मी त्यांना सांगितलं, निबंध रॅकवर लागला एकदाचा.

"तो साहेब वाचतलो काय?" त्यांनी विचारलं.

"जिवंत असला, आणि शोधत आला, तर."

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. "वाचूक व्हयो," म्हणाले. "तेका खोटा सांगणारो मीच होतंय."